तोंडाशी बसलेला माणूस

दि. ६ जानेवारी

ती. दादास,

भिंगरीचा सा. न. वि. वि. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा साष्टांगातली जेवढी अंगं जमिनीला टेकतात तेवढ्यांचाच नमस्कार धरून घे. बाकीच्यांबद्दल माफ कर.

उत्तराला उशीर झाला, कारण चष्म्याची काडी मोडली होती आणि बेबीला दुकानात जायला सवड नव्हती. तिच्या वॉर्डातल्या दोन नर्स रजेवर आहेत, त्यामुळे ही बाई घरी येते ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपते. पन्नाशीला आली तरी मी लेकीला बेबीच म्हणते, याचं तिच्या हाताखालच्या मुलींना फार हसू येतं म्हणे. खालच्या शिंप्याने नवं मशीन घेतलं आहे. दिवसभर माझ्या पलंगाखाली घरघर चालू असते, पण सोबत वाटते. पोटात थोडं दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, वय झालं की अशा कुरबुरी चालायच्याच. तेव्हा त्याची काळजी करत बसू नकोस.

आता खरं कशासाठी लिहितेय ते सांगते. दादा, तू बाप्तिस्मा घे.

मी आणि बेबीच्या बाबांनी घेतला त्याला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुला मी एका शब्दाने म्हटलं नाही. थोरलं पोर गेलं तेव्हा माझं डोकं फिरायची वेळ आली होती आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज येऊन नुसत्या माझ्या शेजारी बसायच्या, हे तू पाहिलं आहेस. आमच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळे नातेवाईक तोंड फिरवून घरी बसले. तू एकटा आलास आणि चर्चच्या दाराबाहेर माझी छत्री धरून उभा राहिलास. आत ये म्हटलं, तर म्हणालास, मी इथेच बरा. तेव्हा मी गप्प बसले. आता म्हणते, आत ये. कारण विचारू नकोस. कारण सांगितलं की तू त्यात चुका काढणार.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. १४ जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. पहिल्या पानावरच्या ओळी सरळ आहेत. दुसऱ्या पानावर त्या उजवीकडे उतरत गेल्या आहेत. चष्मा दुरुस्त झाला असेल तर दोष चष्म्याचा नव्हे. पलंगावर आडवे पडून लिहितेस काय? तसे लिहू नये. मान धरते आणि अक्षरही बिघडते.

कारण विचारू नकोस असे तू बजावतेस आणि होकार मात्र मागतेस. हे मला जमणारे नाही, हे तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बॉयलर निरीक्षकाच्या नोकरीत माझे आयुष्य गेले. खात्यात रुजू झालो त्या दिवशी थोरल्या साहेबांनी मला एवढेच सांगितले होते की, ज्या बॉयलरच्या पोटात तू स्वतः शिरला नाहीस, त्यावर तुझा शिक्का मारू नकोस. आग विझवायची, पाणी काढायचे, झाकण उघडायचे, हातात दिवा व लहान हातोडी घेऊन त्या भोकातून आत सरकायचे आणि पत्रा वीतवीत ठोकत जायचे. चांगला पत्रा खणखणतो. आतून खंगलेला पत्रा बद्द वाजतो. बाहेरून रंग कितीही चकचकीत असला तरी आवाज लपत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक विचारतात की, तुझा विश्वास आहे काय. आणि सर्वांसमक्ष होय म्हणावे लागते. तो होय हा शिक्का आहे. मी स्वतःला ठोकून पाहिले आहे, भिंगरे. आवाज बद्द येतो.

याचा अर्थ मी तुझ्या देवाला नावे ठेवतो, असा घेऊ नकोस. आपल्या घरच्या देवाविषयीही मी कधी ठामपणे काही बोललेलो नाही. परंतु त्याने मला चारचौघांत उभे करून तसे कधी विचारलेले नाही. जन्मलो आणि त्याचा झालो. तुझ्याकडे दारातच प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारला की मला खरे उत्तर द्यावे लागते. अडचण एवढीच आहे.

तू आत ये म्हणतेस, त्यावरून लाँड्रीतला तो दिवस आठवला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि तेथला बॉयलर तपासत होतो. आत कोणी शिरले की बॉयलरच्या तोंडाशी एक माणूस बसवायचा, त्याने थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची आणि आतल्याने हातोडीचा ठोका देऊन उत्तर द्यायचे, असा आमचा नियम. नेमलेला गृहस्थ विडी ओढायला पसार झाला होता आणि तू माझा डबा घेऊन आली होतीस. मी तुला तोंडाशी बसवले. एका हाकेला माझा ठोका आला नाही, तर तू रडत कमरेपर्यंत आत आलीस! मी बाहेर येऊन सगळ्यांदेखत तुला झापले होते. उत्तर आले नाही तर आणखी हाका मारायच्या, माणसे गोळा करायची. पण बाहेरच्याने आत उडी घालायची नाही. आतली हवा वाईट असली तर एकाच्या जागी दोघे जातात. हा नियम तू तेव्हा पाठ केला होतास. विसरली नसशील.

लोभ आहे; कमी पडल्यास कळवावे.

तुझा,
दादा


दि. २२ जानेवारी

ती. मामांस,

बेबीचा सा. न. वि. वि. हे पत्र मी आईला न सांगता हॉस्पिटलात बसून लिहिते आहे. उत्तर हॉस्पिटलच्या पत्त्यावरच पाठवा.

आईने तुम्हाला कुरबुर म्हणून लिहिलं असेल. ती कुरबुर नाही. यकृतात गाठी आहेत आणि त्या पसरल्या आहेत. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. फार तर दोन-तीन महिने. मी आईला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत घरी गेले, तर तिने माझ्या पिशवीतला रिपोर्ट आधीच वाचून ठेवला होता. मला म्हणाली, तोंड धुऊन ये आणि चहा टाक.

मामा, तिला मरणाची भीती नाही. दुखण्याचंही ती फारसं बोलत नाही. तिला एकच गोष्ट खाते, तुमची. दुपारी डोळा लागला की झोपेत दादा, दादा म्हणते. आमचे पाळकसाहेब येतात तेव्हा त्यांना दर वेळी तेच विचारते की, बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, देवाची दया किती मोठी, हे आपण मोजू नये. आईचं समाधान होत नाही. म्हणते, मोजू नये ते ठीक, पण मला नक्की काय ते सांगा. शेवटी बहीण तुमचीच.

तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. बॉयलरचं सगळं वाचताना हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती रडली की मला कळतं, कारण तेव्हा ती शिंप्याच्या मशीनबद्दल तक्रार करते.

मी तुम्हाला उपदेश करत नाही. मी स्वतः रविवारी ड्यूटी लागली की सुटले म्हणणारी. पण काही करता आलं तर करा.

तुमची मायेची सवय मोडू नका.

तुमची,
बेबी


दि. ३० जानेवारी

चि. भिंगरीस अ. उ. आ.

मी तुला विसरलो असे वाटू नये म्हणून लगेच दुसरे पत्र लिहीत आहे. विशेष काही नाही. पोटाची कुरबुर कमी असेल अशी आशा आहे.

माझ्या खोलीच्या मागच्या गल्लीत एक लहान चर्च आहे, हे तुला कधी सांगितले होते की नाही, आठवत नाही. मागच्या रविवारी मी तेथे गेलो. हुरळून जाशील असे काही मनात आणू नकोस, केवळ गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. बाकाला रंग नवा दिला आहे, पण खिळे वर आले आहेत, त्यामुळे माझी विजार फाटली. शेजारी एक म्हातारा वायरमन होता. त्याने न विचारता आपले गीतांचे पुस्तक माझ्या बाजूला सरकवले आणि पान बोटाने दाखवत राहिला. पाळक तरुण आहेत, बोलतात स्वच्छ. त्यांचे बोलणे संपल्यावर सगळी मंडळी मान खाली घालून गप्प बसली. खोलीभर माणसे असून इतकी शांतता मी केवळ बॉयलरच्या पोटात अनुभवली आहे.

पुन्हा जाईन. जेथे शिरलो नाही त्यावर शिक्का मारायचा नाही, हे मीच तुला लिहिले. मग जेथे शिरलो नाही ते नापास करणे हेही नियमाला धरून नाही, असे पत्र टाकल्यावर माझ्या लक्षात आले.

मी तुला लाँड्रीत इतके झापायला नको होते.

लोभ वाढवून ठेव.

तुझा,
दादा


दि. ८ फेब्रुवारी

ती. दादास,

भिंगरीचा सा. न. वि. वि. आज गुडघ्यांसकट.

तुझं पत्र बेबीने मला उशीवर टेकवून बसवून वाचायला दिलं, आणि मी ते शिंप्याच्या बायकोलासुद्धा ऐकवलं. तिला काही कळलं नाही, पण ती विजारीवर हसली. म्हणाली, शिवायला पाठवून द्या.

तर तू गेलास. अरे, जन्मभर एकही मुलगी तुझ्या तपासणीत पास झाली नाही. एकीचा आवाज मोठा, दुसरीचं अक्षर वाईट, तिसरी चुकीचं बोलते. म्हणून आता एकटा स्वतःच्या हाताने शिजवून खातोस. आणि आता देवाला तपासायला निघालास! बघ हं, त्यालाही सर्टिफिकेट देशील आणि वर तारीख घालशील. पण तपास. त्याला राग येणार नाही. तुझ्यासारखी माणसं त्याने पूर्वीही पाहिली असतील.

कसं वाटतं ते मला लिही. कसं दिसतं ते नको. खिळे आणि रंग मला नकोत. आत काही हललं का ते लिही. मला तर पहिल्याच दिवशी वाटलं होतं की कोणीतरी माझ्या हातातलं ओझं न बोलता काढून घेतलं. तू नेहमी म्हणायचास ना, भिंगरी विचार न करता गरगर फिरते. तेव्हाही तशीच फिरले असेन. पण दादा, ओझं गेलं हे खरं.

मला फार घाई आहे असं समजू नकोस. पण फार सावकाशही करू नकोस.

लोभ पुरवून वापर.

तुझी,
भिंगरी


दि. २० फेब्रुवारी

चि. बेबीस अ. उ. आ.

तुझे मागचे पत्र मी फाडून टाकले आहे. तुझ्या आईच्या हाती चुकूनही ते लागू नये. मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस. अर्थात, तिला ते कळले असण्याचाच संभव अधिक आहे. लाँड्रीबद्दल मी माफी मागितली तेथेच मी फसलो. मी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली तिने पाहिलेली नाही.

तिला आत काही हलले का ते हवे आहे. तिला काय लिहू ते मला सुचत नाही, म्हणून तुला लिहितो. मी दर रविवारी जातो. बुधवारी संध्याकाळी काही मंडळी प्रार्थनेला जमतात, तेथेही जातो. पाळकांनी दिलेले पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचत आहे. त्यातील काही पाने अशी आहेत की वाचून मी पुस्तक मिटले आणि खिडकीशी उभा राहिलो. ज्याच्या नावाने हे बाप्तिस्मा देतात त्या गृहस्थाला त्याच्याच माणसांनी सोडून दिले, आणि तो त्यांच्यासाठी सकाळी निखारे पेटवून मासे भाजत बसला, हे मी तीनदा वाचले. तो थोर होता यात मला शंका नाही. परंतु थोर आहे असे म्हणणे निराळे आणि पाळक विचारतात ते निराळे.

मागायलाही शिकलो. या वयात खोलीचे दार लावून, खुर्चीचा आधार घेऊन गुडघे टेकतो आणि म्हणतो की, तू असलास तर मला विश्वास दे, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी दे, लवकर दे. मग थांबतो. मला आयुष्यभर कान देऊन ऐकण्याचे काम होते, बेबी. मी फार बारकाईने ऐकतो. खालून रिक्षा जाते, शेजारी नळ गळतो. ठोका येत नाही.

लोकांना वाटते की जो नाही म्हणतो त्याला नाही म्हणण्यात सुख असते. वायरमनलाही तसेच वाटते. तो मला म्हणाला की, साहेब, अभिमान सोडा. मी त्याला सांगितले की, अभिमान कधीच सोडला आहे, आता सोडायला हाताशी दुसरे काही उरलेले नाही. तो बिचारा वरमला.

तिचे दुखणे कसे आहे? मला खरे कळव.

लोभ असू द्यावा, ही विनंती.

तुझा,
मामा


दि. १ मार्च

ती. मामांस,

बेबीचा सा. न. वि. वि.

खरं कळवा म्हणालात. डोळे पिवळे झाले आहेत. दोन घासांपलीकडे जात नाही. दुखायला लागलं की पलंगाची लोखंडी दांडी धरते आणि माझ्याशी शिंप्याच्या बायकोबद्दल बोलत राहते. मी नर्स आहे, मामा, मला हे रोज दिसतं. पण ही माझी आई आहे.

काल पाळकसाहेब आले, तेव्हा ती त्यांना म्हणाली की, माझा जीव कशात अडकला आहे ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही दादाला पत्र लिहा. ते म्हणाले, मी लिहीन, पण कोणाला ढकलून आणलेलं माझ्या धन्यालाही आवडत नाही. ते गेल्यावर तिने माझा हात धरला आणि मला म्हणाली, मी चुकले का ग? मी तिचं पांघरूण नीट केलं.

आता मी जे लिहिते ते वाचून तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. मामा, खोटं लिहा. बाप्तिस्मा घेतला, असं चार ओळींत लिहून पाठवा. तारीख घाला, सही करा. मी तिला वाचून दाखवीन. ती सुखाने डोळे मिटेल. नंतर तुमच्या त्या नियमांना काय उत्तर द्यायचं ते माझ्यावर सोपवा. देवाला उत्तर द्यायचं असेल तर तेही मी देईन. माझी एवढी वर्षांची पुण्याई गेली तरी चालेल.

तुम्ही मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं आहे. मी दुसरं काही तुमच्याकडे कधी मागितलं नाही.

तुमची,
बेबी


दि. १२ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हे पत्र तू स्वतः वाचावेस. कागद धरवत नसेल तर बेबीने धरावा. परंतु तिने एकही शब्द गाळू नये, अशी माझी तिला ताकीद आहे.

तुझ्या दुखण्याचे मला जानेवारीपासून ठाऊक आहे. तुला ठाऊक असल्याचेही मला ठाऊक होते. आपण दोघांनी एकमेकांना फसवण्याचा प्रयत्न केला आणि दोघांनाही तो साधला नाही.

तुला सुखाने जाता यावे म्हणून मी एक खोटे पत्र लिहावयास बसलो. चार ओळींचेच होते. तिसऱ्या ओळीपर्यंत गेलो. मग माझ्या मनात आले की, लबाडी कागदावर करायची तर प्रत्यक्ष का करू नये? निदान डोक्यावर पाणी तरी खरे पडेल. मी पाळकांकडे गेलो आणि मला बाप्तिस्मा द्या म्हणालो. त्यांनी माझ्या हजेरीवरून माझी तयारी झाली असे मानले. त्यांना आनंद झाला. वायरमनने त्या दिवसासाठी माझ्या विजारीला स्वतः रफू करून आणले.

रविवारी मी पुढे उभा राहिलो. पाण्याचे पात्र अगदी साधे होते, कडेला एक टवका उडालेला. मंडळी उभी राहिली. मी मनाशी ठरवले होते की, होय म्हणायला श्वासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. तेवढा श्वास मी भिंगरीसाठी टाकू शकतो. पाळकांनी विचारले, तुझा विश्वास आहे काय?

मी होय म्हणायला तोंड उघडले. आणि माझ्या तोंडून निघाले, "माझ्या बहिणीचा आहे."

पाळक थांबले. त्यांना वाटले, मी गोंधळलो. त्यांनी पुन्हा, अधिक सावकाश विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. हातातले पुस्तक मिटले, माझ्या दंडाला धरून मला बाकावर नेऊन बसवले आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. कोणीही हसले नाही. वायरमन डोळे पुसत होता. मला त्या मंडळींबद्दल आयुष्यभर आदर राहील.

भिंगरे, तुला हे एकच देता आले असते आणि तेच मला देता आले नाही. नातेवाईक काय म्हणतील, आईबाबांना काय वाटले असते, यांतले काहीही आड आले नाही. मी दाराच्या आत होतो, पुढ्यात पाणी होते, समोर चांगली माणसे होती आणि मला हवेही होते. तरीही झाले नाही. तुझा दादा तुझ्या उपयोगी पडला नाही. याहून वाईट बातमी मी तुला कधी कळवलेली नाही.

लोभ ठेवावास असे लिहिण्याची हिंमत होत नाही.

दादा


दि. १८ मार्च

दादा,

नमस्कार. पेन धरवत नाही, म्हणून पेन्सिल. बेबीला मधे येऊ दिलेलं नाही. ओळी कुठे जातील तिकडे जाऊ देत.

तुझं पत्र वाचलं. पाळकसाहेबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, असं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. मी रडले आणि मला हसूही आलं. अरे, एवढा मोठा साहेब, आणि एक होय म्हणता आलं नाही!

तू खोटं लिहिलं असतंस तर मी ओळखलं असतं. त्यात पात्राचा तो टवका नसता, आणि असल्या बारकाव्यावाचून तुझं पत्र पुरं होत नाही. आणि मग एवढ्या वर्षांतलं तुझं कुठलं खरं मानायचं, असं म्हणत मी गेले असते. खोट्याची कल्पना बेबीचीच असणार, तिला रागावू नकोस.

आता मी कारण सांगते. तू नरकात जाशील म्हणून मी तुला आत बोलावत नव्हते. तसं मला कधी वाटलंच नाही. मला एकटं वाटत होतं, दादा. आई या दाराने आली नाही, बाबा आले नाहीत, माझं थोरलं पोरसुद्धा आधीच गेलं. सगळं घर दुसऱ्या कुठल्यातरी बाजूला गेलं आणि आपल्यातली मी एकटीच इकडे आले. तिकडे बेबीचे बाबा असतील, पण ते जन्मभर मला ऐकलंस का म्हणत आले. तिथेही तेच म्हणणार. भिंगरी म्हणणारं कोण असेल? देवाला माझं ते नाव कोणी सांगितलं आहे का? रिपोर्ट वाचल्यापासून मला हीच भीती वाटते, की मी तिथे नीट पोचेन आणि मला कोणी ओळखणार नाही.

भीती गेलेली नाही. पण तुला आत ये म्हणायचं सोडलं. मंडळीतल्या बायकाही मला काही सांगत नव्हत्या, नुसत्या बसायच्या. तूही तसाच ये. तोंडाशी बस. मी आत जाते, तू हाक मार. जोपर्यंत जमेल तोपर्यंत मी ठोका देईन.

लवकर ये.

भिंगरी


दि. ९ एप्रिल

चि. बेबीस अ. उ. आ.

मी खोलीवर सुखरूप पोचलो. तू दिलेल्या चपात्या वाटेत खाल्ल्या. तुझ्या आईची छत्री मी न विचारता घेऊन आलो आहे. हे तुला कळवणे माझे कर्तव्य आहे.

निघताना तू मला दोन गोष्टी विचारल्यास आणि मी दोन्हींचे उत्तर दिले नाही. गाडीची वेळ झाली होती हे खरे. परंतु वेळ असता तरी तेथे मला बोलता आले नसते.

तू औषध आणायला गेली होतीस तेव्हा काय झाले, हे तू विचारलेस. मी तुझ्या आईच्या उशाशी त्या मोडक्या खुर्चीत बसलो होतो. तिचे बोलणे आदल्या दिवसापासून थांबले होते, हे तू जाणतेस. मी थोड्या थोड्या वेळाने भिंगरे म्हणून हाक मारत होतो आणि ती पलंगाच्या दांडीवर नखाने ठोका देत होती. कधी उशिरा देई, परंतु देई. शिंपी जेवायला गेला होता, मशीन बंद होते, त्यामुळे अगदी हलका ठोकाही मला ऐकू येत होता. मग मी हाक मारली आणि ठोका आला नाही. मी वाट पाहिली. पुन्हा हाक मारली. तू दार उघडून आलीस तेव्हा मी हाकाच मारत होतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस की, मामा, पुरे आता. तू नर्स आहेस, तुला दारातूनच कळले. मलाही कळले होते. परंतु उत्तर आले नाही म्हणून हाक थांबवायची नसते.

दुसरे, अंत्यविधीच्या वेळी चर्चच्या दारात उभे न राहता आत का आला नाहीत, आणि आता आईच्या माघारी तरी येणार का, असे तू विचारलेस. तू ते फार मायेने विचारलेस, म्हणून नीट सांगतो. आत येण्याची मला त्या दिवशी जितकी ओढ लागली तितकी त्यापूर्वी कधीही लागली नव्हती. ती गाणी चालू असताना मला वाटले की पुढे जावे, त्या पाळकांचा हात धरावा आणि हजार वेळा होय म्हणावे. विश्वास बसला म्हणून नव्हे. ती आत होती म्हणून. मी चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी थकून टेकलो आहे असे समजून कोणीतरी खुर्ची आणून दिली.

उत्तर आले नाही तरी बाहेरच्याने आत उडी घालायची नाही, हा नियम मी नोकरीत शेकडो माणसांकडून पाठ करून घेतला. लाँड्रीत तुझी आई कमरेपर्यंत आत शिरली, तेव्हा तिलाही त्यावरून रडवले. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून का लिहून ठेवावी लागते, असे मला नेहमी वाटत असे.

तो नियम का करावा लागला, हे मला त्या दारात कळले.

लोभ तुझ्या आईचा होता तेवढा तू करावास, असे म्हणत नाही. जमेल तेवढा करावास.

तुझा,
मामा